स्कोलिओसिस असताना व्यायाम कसा करायचा: कोल्हापुरात नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

ब्लाऊज किंवा युनिफॉर्मचं माप घेताना बऱ्याचदा शिंप्याच्याच आधी लक्षात येतं की एक खांदा वर आहे आणि कमरेची एक बाजू खोल, तर दुसरी सपाट. मग एक्स-रे निघतो, रिपोर्टवर ‘स्कोलिओसिस’ लिहून येतं आणि घरात सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, पोरीला आता घागरसुद्धा उचलू देऊ नका. कोणी म्हणतं, तालमीत घाला, सहा महिन्यांत सरळ होतंय बघा. यातला एकही सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

आधी एक गोष्ट समजून घ्या. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. ओला टॉवेल पिळताना तो जसा वळतो आणि वाकतो, तसंच काहीसं. या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या पाठीवर उंच येतात आणि दुसरी बाजू आत बसते. या लेखात त्यांना ‘फुगीर बाजू’ आणि ‘खोलगट बाजू’ म्हटलं आहे. व्यायामाचा सगळा हिशेब या दोन बाजूंवर चालतो. एकाची फुगीर बाजू उजवी, दुसऱ्याची डावी असेल, तर दोघांचे व्यायाम आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे होतात. म्हणून शेजारच्या मुलीला लागू पडलेला व्यायाम तुमच्या मुलीचा बाक वाढवणाराही ठरू शकतो.

१. आधी स्वतःचा बाक नीट ओळखा

घरी करायची तपासणी सोपी आहे. पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभं राहा. दोन्ही तळवे एकमेकांना लावून हळूहळू पुढं वाका. मागून बघणाऱ्यानं आपले डोळे पाठीच्या पातळीवर आणायचे. बरगड्यांची किंवा कमरेची एक बाजू उंच दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. मोबाइलमधल्या उतार मोजणाऱ्या ॲपवर हा फरक ५ ते ७ अंश किंवा जास्त आला, तर एक्स-रेचा विचार करतात.

एक्स-रे उभं राहूनच काढायचा आणि त्यात पूर्ण कणा मानेपासून माकडहाडापर्यंत दिसला पाहिजे. झोपून काढलेल्या एक्स-रेत बाक खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पहिला एक्स-रे झोपून आणि पुढचा उभा राहून काढला की बाक वाढल्याचा घोर उगाच लागतो. हा गोंधळ फार घरांत होतो.

एक्स-रेवरून जो कोन मोजतात त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांपासून पुढं स्कोलिओसिस धरतात. ढोबळ मानानं २५ अंशांपर्यंत लक्ष ठेवणं आणि व्यायाम. वाढत्या वयात २५ ते ४० अंशांच्या आसपास व्यायामाबरोबर ब्रेस (अंगाच्या मापानं बनवलेलं कडक प्लास्टिकचं कवच). आणि ४५-५० अंशांच्या पुढं शस्त्रक्रियेची चर्चा होते. मोजण्यातच सुमारे ५ अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे २२ चे २५ झाले म्हणून लगेच हातपाय गाळू नका आणि २५ चे २२ झाले म्हणून ब्रेसही सोडू नका.

कोनाइतकंच महत्त्वाचं आहे वाढ किती शिल्लक आहे ते. ११ वर्षांच्या, अजून पाळी न आलेल्या मुलीचा २० अंशांचा बाक हा १७ वर्षांच्या मुलीच्या २० अंशांपेक्षा कितीतरी जास्त लक्ष देण्याजोगा असतो.

२. डॉक्टरांकडे जाताना ही फाइल न्या

– सगळे जुने एक्स-रे, तारखेसह. शक्यतो सीडी किंवा फिल्म. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोवरून कोन नीट मोजता येत नाही.
– दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं केलेल्या खुणाही चालतात.
– मुलगी असेल तर पहिल्या पाळीचा महिना आणि वर्ष.
– घरात आई, मावशी, आत्या, भावंडं यांपैकी कुणाला असा बाक आहे का.
– ब्रेस असेल तर तो, आणि दिवसाला किती तास घातला जातो याची खरी नोंद.
– रोजच्या वापरातले बूट किंवा चप्पल. तळव्याची झीज कोणत्या बाजूला जास्त आहे हे त्यावरून कळतं.

पहिली तपासणी हाडांच्या डॉक्टरांकडे करा. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे सुरुवात करता येते. व्यायामासाठी मग फिजिओथेरपिस्ट. त्यांना एक प्रश्न सरळ विचारा: स्कोलिओसिससाठीच्या खास व्यायामाचं, उदाहरणार्थ श्रोथ पद्धतीचं, प्रशिक्षण घेतलं आहे का? जर्मनीतल्या काथारिना श्रोथ यांनी ही पद्धत १९२० च्या दशकात उभी केली. तिचा गाभा म्हणजे कणा लांबवणं, खोलगट बाजूत श्वास भरणं आणि ती स्थिती स्नायूंनी धरून ठेवणं. पाठदुखीवर उत्तम काम करणाऱ्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टनं हे शिकलेलं असतंच असं नाही. प्रशिक्षित व्यक्ती दुसऱ्या शहरात असेल तर तिथं चार-पाच बैठका घ्या, व्यायामाचा व्हिडिओ करून आणा आणि इथल्या फिजिओथेरपिस्टकडून दर महिन्याला तपासून घ्या.

पुढील गोष्टी असतील तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना गाठा: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, चालताना पाय ओढला जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, काही महिन्यांत झपाट्यानं वाढलेला बाक. छातीतला (म्हणजे कण्याच्या छातीमागच्या भागातला) बाक डाव्या बाजूला फुगीर असेल किंवा मूल १० वर्षांपेक्षा लहान असेल तर डॉक्टर एमआरआय सांगू शकतात, तो टाळू नका. वाढत्या मुलांमध्ये छातीतला बाक बहुतेक वेळा उजवीकडे असतो, म्हणून डावा बाक दिसला की आत दुसरं काही कारण नाही ना, हे बघावं लागतं.

मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. कट्कन आवाज येतो, दोन दिवस हलकं वाटतं; पिळलेली हाडं झटक्यानं सरळ होत नाहीत.

३. साहित्य

जाड चटई किंवा दुमडलेली सतरंजी (गादी नको, कणा त्यात रुततो), दोन आंघोळीचे टॉवेल, अंगभर दिसेल असा आरसा, एक हातभर काठी, रबरी रेझिस्टन्स बँड आणि जुन्या कापडाच्या तळहाताएवढ्या दोन पिशव्या, ज्यांत तांदूळ सैलसर भरलेला असेल. उताणं झोपल्यावर फुगीर बरगडीखाली ही पिशवी ठेवली की ती बरगडी पुढं ढकलली जाते. नेमकी जागा फिजिओथेरपिस्टकडून पेननं पाठीवर खूण करून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट: गवंड्याचा ओळंबा. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याचा उपयोग शेवटी सांगितला आहे.

४. श्वास आधी, ताकद नंतर

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, कारण बघणाऱ्याला यात व्यायाम केल्यासारखा वाटत नाही. पण इथं घाई केली की पुढचं सगळं वाकड्या पायावर चढवलेल्या भिंतीसारखं होतं.

फुगीर बाजू खाली घेऊन कुशीवर झोपा. टॉवेलची गुंडाळी फुगीर बरगड्यांच्या सगळ्यात उंच भागाखाली ठेवा. कमरेखाली नाही, काखेतही नाही. डोक्याखाली उशी, गुडघे थोडे वाकलेले. आता खोलगट बाजू वर आली. वरचा हात डोक्यावरून पुढं लांब करा. मदतनीसानं आपला तळहात त्या खोलगट भागावर, पाठीच्या बाजूनं, अलगद ठेवायचा.

नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या आणि फक्त त्या हाताखालची जागा फुगवायचा प्रयत्न करा. पहिले दोन-तीन दिवस काहीच हलत नाही. खांदा वर जातो किंवा पोट फुगतं. हात ठेवणाऱ्यानं तेव्हा हलकेच दाबून ‘इथं’ एवढंच सांगायचं. आठवड्याभरात बोटांखाली बरगड्या फाकल्यासारख्या जाणवू लागतात. श्वास सोडताना दातांतून ‘सSSS’ आवाज काढत सहा आकडे मोजा, आणि सोडतानाही ती जागा पुन्हा आत बसू द्यायची नाही. बरगड्या उघडलेल्याच ठेवून हवा बाहेर जाते, तेव्हा तिथले स्नायू खऱ्या अर्थानं काम करतात.

असे पाच श्वास, मध्ये आराम, एकूण तीन वेळा. गुंडाळीवर पहिल्या दिवशी एकच मिनिट, मग वाढवत पाच मिनिटांपर्यंत. चक्कर आली तर थांबा. श्वास फार जोरात ओढला जातोय. बाक इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी असेल तर गुंडाळीची जागा स्वतः ठरवू नका, कारण वरचा बाक सुधारताना खालचा वाढू शकतो. हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

५. रोजचे व्यायाम

आठवड्यातून पाच दिवस, साधारण २५ ते ३० मिनिटं. प्रत्येक व्यायामाची सुरुवात एकच: टाळूला धरून कुणीतरी वर ओढतंय आणि माकडहाड खाली जातंय, असं लांब व्हायचं. ही लांबी सुटली की तो आकडा मोजायचा नाही.

उताणं झोपून उलटे हात-पाय: गुडघे ९० अंशांत वर, हात छताकडे. उजवा हात मागं आणि डावा पाय पुढं लांब करा, परत आणा, मग उलट. प्रत्येक बाजूला ६ ते ८. कंबर जमिनीवरून उचलली गेली तर पाय इतका खाली नेऊ नका.

रांगत्या स्थितीत हात-पाय लांबवणं: उलट हात आणि पाय ५ ते ८ सेकंद धरा, प्रत्येक बाजूला ६ वेळा. बऱ्याच व्हिडिओंत पाठीवर कण्याच्या रेषेत काठी ठेवायला सांगतात. फुगीर बरगडीमुळे ती तुमच्या पाठीवरून घरंगळणारच. तुम्ही काठी कमरेवर आडवी ठेवा. ती एका बाजूला कलली की ओटीपोटाचा घेर (कमरेच्या हाडांचं कडं) फिरला असं समजा.

ब्रिज: पाय जमिनीवर, नितंब वर. १० चे दोन संच. वर गेल्यावर कमरेची दोन्ही बाजूंची हाडं एका पातळीत आहेत का, हे दुसऱ्याला बघायला सांगा.

बँडनं दोन्ही हातांनी मागं ओढणं: १२ चे दोन संच. फुगीर बाजूचं खांद्याचं पातं आधीच बाहेर आलेलं असतं, म्हणून ओढताना खांदे कानांकडे जाऊ देऊ नका.

गुडघ्यांवरचा साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यांवर अंग उचलून धरणं): १० सेकंद, तीन वेळा. कोणती बाजू खाली, यावर बरंच लिहिलं जातं. २०१४ साली २५ रुग्णांवरच्या एका अभ्यासात फुगीर बाजू खाली ठेवून रोज साइड प्लँक केल्यावर बाक कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून फक्त एका बाजूनं करायचा निर्णय फिजिओथेरपिस्टचा असू द्या. तोवर दोन्ही बाजूंनी सारखा करा.

व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू जड वाटणं ठीक आहे. कळ पायात उतरली तर ठीक नाही.

६. तालीम, जिम आणि योगासनं: काय ठेवायचं, काय बदलायचं

कोल्हापुरात लाल मातीचा ओढा असणारच. सौम्य बाक आहे आणि दुखत नाही, तर मुलाला तालमीतून काढायची गरज नाही. वस्तादांना मात्र स्पष्ट सांगा, आणि एक्स-रेसुद्धा दाखवा.

बैठका चांगल्या. पण पाच-पाचशे नकोत. १० चे तीन संच, आणि खाली जाताना कंबर गोल व्हायच्या आधी थांबायचं. जोर मारताना शेवटी छाती पुढं काढून पाठीची कमान केली जाते, ती सोडून द्या. सरळ अंगाचे दंड मारा. जोडी फिरवा, दोन्ही मुदगल एकाच वजनाचे घेऊन. गदा एका खांद्यावरून पिळत फिरते, म्हणून हलकी घ्या आणि उजव्या हातानं जितके फेरे तितकेच डाव्यानं. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका आणि मानेवरचा पूल हे दोन्ही बंद. दोराला लटकलं की कणा तेवढ्यापुरता लांब होतो, बरं वाटतं. पण त्यानं बाक कायमचा कमी होत नाही. प्रत्यक्ष कुस्तीतल्या ढाक, धोबीपछाड अशा डावांत वजनासह झटक्यानं पीळ बसतो, त्यामुळे बाक मध्यम असेल तर लढतीचा निर्णय डॉक्टरांचा.

जिममध्ये बारबेल खांद्यांवर ठेवली की ती सरळ बसतच नाही, कारण खांदेच एका पातळीत नसतात. त्याऐवजी एक डंबेल छातीशी धरून स्क्वॅट करा. दोन हातांच्या व्यायामात कमजोर बाजूला जितकं जमेल तितकंच दुसरीला द्या. श्वास कोंडून वजन उचलू नका.

योगासनांत सगळ्यात मोठी फसगत पाठीमागं वाकण्याची. आपल्याकडे ‘छाती काढ, ताठ बस’ हे पोरांना दिवसातून दहादा ऐकवतात. छातीच्या स्कोलिओसिसमध्ये पाठीचा वरचा भाग बहुतेक वेळा आधीच नको तितका सपाट झालेला असतो. त्यावर धनुरासन, चक्रासन, खोल भुजंगासन केलं की तो आणखी सपाट होतो. ताठ बस म्हणण्यापेक्षा ‘उंच हो’ म्हणा. मुलाला लगेच फरक कळतो. पिळाच्या आसनांचंही तसंच. एका दिशेचा पीळ बाकाला उलगडतो, तर दुसऱ्या दिशेचा त्यात भर घालतो. वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन वर्गाबरोबर दोन्ही बाजूंना पूर्ण ताकदीनं करू नका. ताडासन, भिंतीच्या आधारानं वृक्षासन, शवासन खुशाल करा. सूर्यनमस्कार घालायचे तर भुजंगासनात छाती थोडीच उचला.

७. चालणं, पोहणं, खेळ

रंकाळ्याभोवती फेरी किंवा विद्यापीठाच्या आवारात भरभर चालणं उत्तम, फक्त पातळ तळव्याच्या कोल्हापुरी चपलेत नको; बूट घाला. एक पाय आखूड वाटतो म्हणून स्वतःच्या मनानं बुटात पॅड टाकू नका. पुष्कळदा पाय सारखेच असतात, ओटीपोटाचा घेर तिरका असतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस उघडीप नसते तेव्हा जिन्याच्या फेऱ्या मारा.

पोहण्यानं दम वाढतो, पण तो स्कोलिओसिसवरचा उपचार नाही. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायला शिका. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळत असेल तर खेळू द्या. दप्तरानं स्कोलिओसिस होत नाही. तरी ते दोन्ही खांद्यांवर असावं आणि मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं.

८. ब्रेस असेल तर

मेडिकलमधला ‘पोश्चर बेल्ट’ म्हणजे ब्रेस नव्हे. ब्रेस मापानं बनवलेला, कडक प्लास्टिकचा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस दिलेल्या मुलांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. जितके तास जास्त, तितका फायदा जास्त दिसला. व्यायाम ब्रेसची जागा घेत नाही. ब्रेसमध्ये स्नायू ढिले पडू नयेत आणि ब्रेस सुटल्यावर पाठीनं स्वतःला धरावं, यासाठी तो असतो.

ब्रेस काढून व्यायाम, मग आंघोळ, अंग पूर्ण कोरडं, मग पुन्हा ब्रेस. एप्रिल-मेमध्ये घामानं त्वचा सोलवटते. आत शिवण नसलेला सुती बनियन घाला आणि दिवसातून दोनदा बदला. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जा.

९. मोठ्यांसाठी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी

वाढ पूर्ण झाल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा वाढत नाही. ५० च्या पुढचा मात्र वर्षाला साधारण एक अंश सरकत राहू शकतो. मोठ्यांनी कोनापेक्षा दुखणं, दम आणि तोल यांवर लक्ष द्यावं. हाडं ठिसूळ असतील तर पुढं वाकून पोटाचे व्यायाम करू नका.

शस्त्रक्रियेत कण्याला रॉड बसवले असतील तर या लेखातलं काहीही सर्जननं परवानगी दिल्याशिवाय सुरू करू नका. पहिले काही महिने वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं बंदच असतं.

१०. फरक पडतोय का, हे कसं बघायचं

दाराच्या चौकटीला ओळंबा टांगा. तो पाठ आणि कॅमेरा यांच्या मध्ये राहील असं, पाठ कॅमेऱ्याकडे करून उभं राहा, दोरी मानेच्या मागच्या उंच मणक्यावर येईल अशी. खाली ती दोरी नितंबांच्या मधल्या रेषेवर पडते की बाजूला, आणि किती सेंटिमीटर बाजूला, ते लिहा. दर तीन महिन्यांनी त्याच दारात, त्याच वेळी, तसाच फोटो. त्याबरोबर टेपनं छातीचा घेर पूर्ण श्वास घेऊन आणि पूर्ण सोडून मोजा. दोन्हींतला फरक वाढतोय म्हणजे बरगड्या उघडताहेत. पुढं वाकून केलेली तपासणीही त्याच दिवशी करा.

उंची भराभर वाढत असेल तर डॉक्टरांची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी, किंवा ते सांगतील तशी त्याआधीही. ॲपवरचा उतार मागच्या वेळेपेक्षा २-३ अंशांनी वाढलेला दिसला किंवा दोरी आणखी बाजूला गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फाइल घेऊन जा.